आकृती काढ, मग बोलू

“मॅडम, पोराले भूमितीत चाळीसपैकी अडतीस आहेत. आता त्याले कशात टाकू?”

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्यासमोर येऊन बसतंच. सावनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी 21 वर्षं गणित शिकवते आहे आणि प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शनाचं टेबल माझ्याकडे असतं. टेबल म्हणजे जिन्याखालची जागा, दोन खुर्च्या आणि वर नुसताच आवाज करणारा पंखा. विचारणारे वडील कधी केळवदकडचे संत्रावाले असतात, कधी कोळशाच्या खाणीत कामाला, कधी खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे. सौंसरकडूनही येतात. तिथे राज्य मध्य प्रदेशाचं लागतं, बोली मात्र आपलीच.

‘कशात टाकू’ हे शब्द मला पहिल्या वर्षी फार खटकायचे. जणू पोरगं म्हणजे बोनसची रक्कम. नंतर सवय झाली. बापाला जे विचारायचं असतं त्याला दुसरा सोपा शब्द मलाही अजून सापडलेला नाही.

यातली खरी अडचण बापाला माहीत नसते आणि मुलालाही नसते. दहावीपर्यंत भूमितीचं घर वेगळं असतं. स्वतःचं पुस्तक, स्वतःचा चाळीस गुणांचा पेपर, समरूपतेपासून महत्त्वमापनापर्यंत सात प्रकरणं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी तिची स्वतःची चालरीत. अकरावीला हे घर मोडतं. रेषा, वर्तुळ, शांकव येतात, पण समीकरणं होऊन. बारावीत रेषायुग्म, सदिश, रेषा आणि प्रतल. कंपासपेटी तोवर धाकट्या भावाकडे गेलेली असते. आणि पदवीच्या माहितीपुस्तिकेत ‘भूमिती’ शोधायला गेलं तर एखाद्या पेपरच्या अर्ध्या नावात सापडली तर सापडली. भूमिती आवडणाऱ्या मुलाने कुठला अभ्यासक्रम घ्यावा, याचं उत्तर म्हणूनच अवघड आहे. त्या नावाचा अभ्यासक्रमच नाही.

हे मला समजायला एका मुलाची चार वर्षं खर्ची पडली. 2008ची गोष्ट. पोरगा आकृत्या इतक्या नेटक्या काढायचा की बघत राहावं. मी म्हटलं, सिव्हिल. वडील खूश, मी खूश. तिसऱ्या वर्षाला असताना तो बसस्टँडवर भेटला. म्हणाला, “मॅडम, भूमिती एकाच सेमिस्टरची निघाली. ड्रॉइंगच्या शीटा संपल्या आन् मंग सगळं काँक्रीट.” हसत सांगितलं त्याने, पण मी घरी येईपर्यंत तेच चघळत राहिले. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये प्रक्षेप काढताना तो सगळ्या वर्गाच्या पुढे होता. त्यानंतर तो कशात वाकबगार आहे ते कोणी विचारलंच नाही. आज तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगलं चाललंय. चूक त्याची नव्हती, त्या कॉलेजची तर मुळीच नव्हती. मी अभ्यासक्रमाचं नाव बघून सल्ला दिला होता. आत काय शिकवतात ते उघडून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून गुणपत्रिका बाजूला ठेवते. अडतीस गुणांत कोनदुभाजकाचं प्रमेय पाठ केलेलं पोरगंही असतं आणि ते प्रमेय रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्या वाटेने सिद्ध करणारंही. मी कोरा कागद पुढे करते. “वाटेल तसा चौकोन काढ. चारही बाजूंचे मध्यबिंदू घे. ते क्रमाने जोड.” एवढंच. कुठलाही चौकोन घ्या, आत समांतरभुज चौकोन येतो. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, म्हणून बरी. पुढचं मी बोलत नाही, बघत बसते.

काही मुलं लगेच पट्टी काढतात आणि समोरासमोरच्या बाजू मोजतात. काही पट्टीला हात लावत नाहीत, दुसरा चौकोन काढतात, तिसरा काढतात, एखादा मुद्दाम आत मोडलेला, बाणाच्या टोकासारखा, की आता तरी बिघडतंय का बघू. आणि काही नुसती बघत राहतात, ओठ हलतात, मग एक कर्ण काढतात. बहुसंख्य मुलं अर्थात माझ्या तोंडाकडे बघतात, की झालं का, जाऊ का? त्यांनाही काही बिघडलेलं नसतं. त्यांना भूमितीत गुण आवडले होते, भूमिती नाही. त्यांना काय आवडतं ते वेगळं विचारावं लागतं.

मोजणाऱ्यांना आमच्या भागात काम आहे, आणि ते लोकांना दिसत नाही. सावनेर तालुक्यात जमिनीखाली कोळसा आहे. एका खाणकामगाराच्या मुलाने त्या चौकोनाच्या बाजू तर मोजल्याच, कर्णही मोजले. त्याच्या वडिलांना मी विचारलं, “भाऊ, खाली रस्ता कुठे न्यायचा ते कोण सांगतं?” ते म्हणाले, “सर्व्हेवाला पांढरी लाइन मारते, आमी तिच्यामागं जातो.” ती पांढरी रेघ म्हणजे शुद्ध भूमिती. खाली मोबाइलचा नकाशा चालत नाही, उपग्रह दिसत नाही. वरच्या जमिनीवरचे बिंदू आणि दिशा खाली उतरवायच्या आणि अंधारात कोनामागून कोन मोजत पुढे जायचं. एका अंशाची चूक झाली तर शंभर मीटरवर रस्ता पावणेदोन मीटर सरकतो. मी मुलाकडून तिथेच गणित करून घेतलं. शंभर गुणिले टॅन एक अंश. दहावीचीच त्रिकोणमिती. वडील आकड्याकडे बघत राहिले. “पावणेदोन मीटर म्हणजे तं जुन्या कामात घुसलो ना आपण,” ते म्हणाले. जुन्या कामात पाणी साठलेलं असतं, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

या कामाच्या वाटा वेगवेगळ्या उंचीवरून निघतात. आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड आहे, दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविका आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत खाणकामाची बी.टेक. आहे. खाणीत सर्व्हेअर म्हणून सही करायची तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक व्हायचं असेल तर स्थापत्यची पदविका किंवा आयटीआयचा तोच सर्व्हेअर ट्रेड मागतात. नुसती गणिताची पदवी तिथे कामाची नाही. हे वाक्य मी दरवर्षी दहा वेळा तरी बोलते, कारण बी.एस्सी. झाल्यावर रडत आलेली मुलं मी पाहिली आहेत. आता मोजणीत साखळी गेली, रोव्हर आले, गावठाणांवरून ड्रोन फिरले. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर नागपुरातच आहे. यंत्र बदललं तरी त्रिकोण तेच आहेत.

त्रिकोणांची गोष्ट निघाली की मी हिंगणघाटचं नाव घेतेच, मुलं कंटाळली तरी. 1802 साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने एक आधाररेषा मोजली आणि मग नुसते कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो भारत मोजायला निघाला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन. इथवर यायला त्याला वीस वर्षं लागली आणि नागपूरकडे येताना 1823च्या जानेवारीत हिंगणघाटला तो वारला. इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं, आणि शिखराला नाव त्याचं मिळालं. आमच्या सावनेरचंही असंच आहे म्हणा. राम गणेश गडकरी इथे 1919 साली गेले म्हणून मराठी वाचकाला गावाचं नाव ठाऊक. मरण्यासाठी प्रसिद्ध असलेली दोन गावं एकाच विभागात.

चित्रं काढत सुटणाऱ्या मुलांबद्दल मला थोडक्यात सांगता येतं, कारण त्यांना माझ्यापेक्षा चित्रकलेचे सर चांगले ओळखतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत कर्तव्यभूमिती, घनभूमिती आणि अक्षरलेखन असा एक पेपर असतो. मुलं ती परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात आणि विसरतात. पण शंकूला तिरपं कापलं तर काय दिसेल, हे ज्याला त्या वयात डोळ्यांसमोर दिसतं, त्याला वास्तुकला दाखवलीच पाहिजे. पाच वर्षांची पदवी, वेगळी प्रवेशपरीक्षा आणि खर्च, हे तिन्ही आधीच सांगावं. ज्यांना तो खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी ड्राफ्ट्समनचा ट्रेड आहे, आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. अशा मुलांनी अकरावीत नीटच्या नादाने गणित सोडलं की हे दार बंद होतं. गणित सोडलेल्या मुलांना दोन वर्षांनी हे कळतं तेव्हा ती माझ्याकडे येतात. मग मी चहा पाजते. दुसरं काय करणार.

आता तिसरे, कर्ण काढणारे. यांच्या बाबतीत मी स्वतःला हुशार समजत होते, आणि तिथेच पाटणसावंगीकडच्या एका मुलीने माझी विकेट काढली.

तिने कर्ण वगैरे काही काढला नाही. पट्टीने मोजलं. एक बाजू 4.3, समोरची 4.4. पुन्हा मोजलं. मी मनात शिक्का मारला: मोजणारी. वडिलांना पदविकेबद्दल सांगितलं, त्यांनी अर्जही भरला. दुसऱ्या फेरीच्या आधी ती एकटीच परत आली, सायकल जिन्याला टेकवून. “मॅडम, एक मिलिमीटरचा फरक येऊन राहिला होता. चूक पट्टीची का माझी, ते तुमी सांगितलंच नाही.”

मी कर्ण काढला. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. नववीतलं मध्यबिंदूंचं प्रमेय आठवायला सांगितलं: दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा. वरच्या त्रिकोणात एक बाजू कर्णाच्या निम्मी, खालच्या त्रिकोणात समोरची बाजू त्याच कर्णाच्या निम्मी. झालं. दोन्ही सारख्या, दोन्ही समांतर. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे फरक येऊच शकत नाही. मी हजार वेळा मोजलं असतं तरी हे समजलं नसतं.” आणि जरा वेळाने, “मंग मोजाचंच कायले?”

मोजणारी म्हणून मी जिला पाठवणार होते तिचा मोजण्यावर विश्वासच बसत नव्हता. एक मिलिमीटर तिला सुटत नव्हता. पदविकेचा अर्ज रद्द केला. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ती अकरावीला आमच्याकडे आली, पुढे बी.एस्सी.ला गेली.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली तेव्हा चेहरा पडलेला. वही पुढे टाकली. एप्सिलॉन, डेल्टा, मॅट्रिक्स. “यात आकृतीच नाही मॅडम.” हे वाक्य गणिताच्या पदवीला गेलेलं प्रत्येक भूमितीवेडं पोरगं म्हणतं, आणि कितीतरी जण तिथेच उतरतात. मीही त्या वयात म्हटलं होतं, मला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

मी चकलीचं ताट सरकवलं आणि पतंगाचा कागद आणला. एका बिंदूतून तीस अंशांवर दोन रेघा मारल्या. एका बाजूला ‘ग’ काढला. पहिल्या रेघेवर घडी घातली, ‘ग’ उमटवला. तो आरशातल्यासारखा उलटा आला. मग त्या उलट्या ‘ग’ची दुसऱ्या रेघेवर घडी. आता जो ‘ग’ आला तो सुलट होता, फक्त फिरलेला. “किती फिरला?” तिने कोनमापक लावला. साठ अंश. दोन रेघांमधल्या कोनाच्या दुप्पट. “आता आधी दुसरी घडी घाल, मग पहिली.” या वेळी ‘ग’ उलट्या बाजूला साठ अंश फिरला. ती कागदाकडे, मग वहीकडे, पुन्हा कागदाकडे बघायला लागली.

“मॅट्रिक्सचा गुणाकार उलटसुलट केला तर उत्तर बदलते, ते हे आहे का?”

हेच आहे. प्रत्येक घडीचं एक मॅट्रिक्स असतं. बारावीत ‘एबी बरोबर बीए नाही’ हे वाक्य पोरं घोकतात, आणि ते वाक्य म्हणजे पतंगाच्या कागदाच्या दोन घड्या आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. 1872 साली फेलिक्स क्लाइन म्हणाला ते एवढंच होतं, की आकृतीला फिरवा, उलटवा, सरकवा आणि काय बदलत नाही ते पाहा, ती भूमिती. मग ग्रुप थिअरीचा पेपर भूमितीचाच होतो, रेखीय बीजगणिताचाही. ज्या एप्सिलॉनवर ती रुसली होती तोही वक्राला हव्या तितक्या जवळून बघायचं भिंग आहे.

मराठी माणसाचं उदाहरण हवं तर श्रीराम अभ्यंकर. उज्जैनला जन्म, हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली पीएच.डी., मग पर्ड्यू विद्यापीठात आयुष्य. क्षेत्र बैजिक भूमिती. वक्र जिथे स्वतःला छेदतो किंवा टोक काढतो, त्या अडलेल्या जागा सोडवण्याचं त्यांचं काम, आणि हत्यार कोणतं, तर बीजगणित, तेही शाळेतल्या बीजगणिताचा अभिमान बाळगून. त्यांनी पुण्यात 1976 साली भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. मी मुलांना हे सांगते ते थोरवीसाठी नाही. दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर करून आपण मुलांच्या डोक्यात मध्ये एक भिंत बांधतो, आणि ‘मला भूमिती आवडते, बीजगणित नाही’ म्हणणारं पोरगं ती भिंत पदवीपर्यंत वागवत नेतं.

त्या मुलीला मी आणखी एक सांगितलं, जे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं. अभ्यासक्रमात ऐच्छिक पेपर तीन छापलेले असतात, कॉलेजात शिकवायला माणूस एकाचाच असतो. म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारायचं, गेल्या वर्षी कोणता पेपर खरंच शिकवला? आमच्या विदर्भात गणिताच्या बऱ्याच प्राध्यापकांचा प्रबंध सापेक्षतावादावर असतो. ही इथली जुनी वहिवाट आहे. सापेक्षतावाद म्हणजे वाकलेल्या अवकाशाची भूमिती. तेव्हा डिफरन्शियल जॉमेट्री शिकवणारा माणूस एखाद्या साध्या कॉलेजातही निघू शकतो, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं. 2024-25 पासून मेजर-मायनर आले, चार वर्षांची पदवी आली. शिकवणारा आहे का हा प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या वर्षी तिने एमटीटीएसचा अर्ज भरला. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी 1993 पासून चालणारं हे उन्हाळी शिबिर. छोट्या गावातल्या पोरांनी तिकडे जावंच असं माझं मत आहे. परत आली तेव्हा तिच्या वहीत पुन्हा आकृत्या होत्या. बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतली बी.मॅथ., चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याचं आयसर, ही नावं मात्र मला तिला बारावीतच सांगायला हवी होती. त्या परीक्षांचे अर्ज निकालाच्या आधीच भरायचे असतात, आणि आमचं मार्गदर्शनाचं टेबल निकालानंतर लागतं. आता मी डिसेंबरमध्येही बसते. त्यासाठी पंखा बदलून मागितलाय.

तर यंदाचा तो अडतीसवाला. त्याने कागद घेतला, चौकोन काढला, मध्यबिंदू जोडले, आणि मग कडेला ठिपके मांडायला लागला. त्रिकोणी ठिपके. मी म्हटलं, “हे काय?” वडीलच वैतागून बोलले, “हेच चालू आहे मॅडम महिनाभरापासून. नवी संत्र्याची बाग लावाची आहे. आमी लावतो अठरा बाय अठरा फूट, चौकोनी. हा म्हनते तिरपी लावा.”

पोरगा मान वर न करता म्हणाला, “झाडाझाडात अठराच फूट राहते मॅडम. पन ओळी साडेपंधरा फुटांवर येते. एकरी एकशे चौतीसच्या जागी एकशे पंचावन.”

मी हिशेब करून पाहिला. अठरा गुणिले तीनचं वर्गमूळ भागिले दोन, पंधरा पूर्णांक सहा दशांशच्या जरा खाली. बरोबर होतं. बांधाच्या कडेची थोडी झाडं कमी होतील, पण बरोबर होतं.

“आन् झाडं मोठी झाली की साडेपंधरा फुटात फवारणीचा ट्रॅक्टर घुसन का?” वडील म्हणाले. “ते नाही सांगत तो.”

पोरगा थांबला. हे त्याने धरलं नव्हतं. मग त्याने पट्टी ठेवून ठिपक्यांतून साठ अंशांत एक रेघ मारली, मग दुसऱ्या अंगाने एक. “चौकोनी बागेत दोन बाजूंनं फिरते. यात तीन बाजूंनं फिरन.” “पन रुंदी?” “रुंदी तेवढीच राहीन.” “मंग?” दोघेही कागदावर वाकले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, अजून किती वेळ लागेल? मी त्यांना बसायला सांगितलं.

शेवटी वडिलांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “घरी दोरी लावून पायतो,” म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथून वळले. “ते कशात टाकाचं राहिलंच, मॅडम.”

अर्जाला अजून चार दिवस होते. मी म्हटलं, “दोरी लावून झाली की या.”